पोचा काढायचा की ठेवायचा?

जुन्या गाडीच्या इंजिनावरून फारसे वाद होत नाहीत. ते एकतर सुरू होतं किंवा होत नाही. पत्र्याचं तसं नसतं. दहा मिस्त्री गोळा करा, एका पोच्यावर अकरा मतं ऐकायला मिळतील, आणि प्रत्येक जण सांगेल की बाकीच्यांनी पत्रा मारला.

इथला वाद एका दरवाजाचा आहे. गाडी फियाट 1100 डिलाइट, साठच्या दशकाच्या अखेरीची, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. हीच पुढे पद्मिनी झाली. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उतरवून लाकडी घोडीवर आडवा ठेवला आहे. एका बाजूला मामा: उमेदीची वर्षं मुंबईत टॅक्सी-गॅरेजात डेंटर म्हणून काढलेले, आता पुण्यात फक्त जुन्या गाड्या हातात घेणारे. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची: धातूच्या जुन्या वस्तूंचं जतन हा तिचा व्यवसाय, तोफा-तलवारींतून अधूनमधून मोटारींकडे वळणारी. ही दोघं मी लेखापुरती जमवली आहेत. भांडण मात्र जमवावं लागलं नाही. जुन्या गाड्यांच्या जगात ते रोज चालू असतं.

भाची: मामा, सगळा दरवाजा उघडा करायलाच हवा का? वरच्या अर्ध्यात मूळ रंग असेल अजून.

मामा: असेल. पण आधी खाली काय आहे ते बघ. हे घे लोहचुंबक, काचेपासून ओढत खाली आण.

भाची: चिकटतंय... हँडलच्या खाली वीतभर गेल्यावर सुटलं.

मामा: सुटणारच. तिथून खाली लांबी आहे. कुणीतरी पोचा तसाच ठेवला, वर मेटल पेस्ट थापली, घासली आणि रंग मारला. बोटाने ठोकून बघ. वर खणखणीत, खाली बद्द.

भाची: तो कुणीतरी तूच नसशील कशावरून?

मामा: या गाडीचा मी नव्हे. बाकी अशा किती केल्या त्याला मोजदाद नाही. टॅक्सीवाला रात्री अकराला यायचा, सकाळी सहाला गाडी मागायचा. गाडी उभी तर घरची चूल थंड. त्याला मी काय सांगू, दोन दिवस ठेव, आतून ठोकून काढतो? लांबी लावली, दिव्याखाली वाळवली, पहाटे काळा-पिवळा मारून दिला. त्याचा धंदा बुडला नाही, माझाही नाही.

लांबीला नाकं मुरडणारे ही चूल विसरतात. लांबी म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची भुकटी, हार्डनर घातला की काही मिनिटांत घट्ट होणारी. साफ, ठोकून जवळजवळ सपाट केलेल्या पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटरचा थर असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. वाईट काय आहे? बोटभर जाडी वाईट, आणि गंजावर थापणं वाईट. लांबी पाणी धरते, पत्रा उन्हात फैलावतो तशी लांबी फैलावत नाही, कडेने बारीक चीर जाते आणि खालचा गंज निवांत आपलं काम करत राहतो. शेवटी लांबीच्या थराची किंमत ठरते ती मिस्त्रीच्या हाती असलेल्या वेळावर. शुद्ध पत्र्याचा आग्रह धरणाऱ्यांकडे बहुधा दुसरी एखादी चालती गाडी असते.

भाची: आता या गाडीवर कुणाची चूल नाही, म्हणून तू शुद्ध झालास.

मामा: झालो. आता मला वेळ आहे. दरवाजा होता तसा करणार, लांबीशिवाय.

भाची: ‘होता तसा’ हेच मला पटत नाही. धक्का बसला तेव्हा पत्रा ताणला गेला. झालेलं ताणणं तू मागे कसं नेणार?

मामा: सगळा ताणला जात नाही गं, हीच तर त्यातली गंमत. पोच्याच्या मधला भाग नुसता ढकललेला असतो, त्याला परत यायचंच असतं. त्याला अडवून धरते ती कडेची घडी. तिथे पत्रा खरा वाकला, आणि वाकला म्हणून कडक झाला. नवीन पोरगा काय करतो? आतून मधोमध हातोडा घालतो. जो भाग चांगला होता तोही ताणून ठेवतो. आपण उलट्या क्रमाने जायचं. जे शेवटी वाकलं, ते आधी सोडवायचं. डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, आतून खोल भागाला दाबून धरायची आणि हातोडी बाहेरून, डॉलीवर नाही, तिच्या शेजारी घडीवर मारायची. हलकी, पण पुष्कळ वेळा. घडी सैल पडली की मधला पत्रा आपणहून वर येतो.

भाची: आणि जो खरंच ताणला गेलाय तो?

मामा: तो गॅसने आवळायचा. नाण्याएवढा ठिपका लाल करायचा. गरम जागा पसरायला बघते, भोवतीचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही, मग ती जाडीत वाढते. तेवढ्यात हातोडी-डॉलीने बसवायची आणि ओलं फडकं लावायचं. थंड होताना ती आवळते आणि शेजारचं ढिलं ओढून घेते. ठिपका मोठा केलास किंवा घाई केलीस, तर दरवाज्याचा पापड.

भाची: आजोबा तांबट, ते तांब्याला याच्या उलट करायचे.

मामा: उलटच. तांबट आळीत मठारणं म्हणजे भांडं कडक करणं. भट्टीत लाल केलेलं तांबं मऊ पडतं, तसंच विकलं तर हंडा दोन दिवसांत चेपायचा. मग गोल तोंडाच्या हातोडीने ओळीत ठोके, एकाला लागून एक. कडकपणा येतो आणि वर ती चकाकणारी नक्षीही होते. गिऱ्हाईक त्या ठोक्यांचे पैसे देतं.

भाची: म्हणजे आजोबांनी हातोडीचा ठसा विकला आणि तू तो पुसून विकतोस.

मामा: पुसतो, खरंय. माझ्या कामाची खूण राहिली तर काम झालं नाही, असं मी शिकलो.

भाची: माझ्या शिक्षणात नेमकं याच्या विरुद्ध सांगतात. दुरुस्ती कुठे झाली ते पुढच्या माणसाला ओळखता आलं पाहिजे.

मामा: मग तुमच्या तलवारींना म्यानं लागत असतील, लाज झाकायला.

भाची: मस्करी सोड. पत्रा मुळात किती जाड? पाऊण ते एक मिलिमीटर. त्यावर तू कानस चालवणार. पुन्हा कधीतरी पोचा पडेल, पुन्हा कुणी कानस चालवेल. प्रत्येक वेळी मूळ पत्रा पावडर होऊन जमिनीवर.

मामा: कानस दाखवायला असते, कापायला नसते. इकडे ये. ही बघ, अर्धगोल दात्यांची. तिरकी धरायची आणि लांब, सलग फिरवायची, टोकावर जोर द्यायचा नाही. आता पत्रा वाच. जिथे चमकला तिथे उंच आहे, जिथे काळा राहिला तिथे खोल. काळ्याला आतून टोचणीने एक टोला, चमकणाऱ्याला बाहेरून थोपटी. मग पुन्हा कानस. पाच-सहा फेऱ्यांत काळे डाग विरत जातात. शेवटचा डाग गेला की थांबायचं. उंच जागा कापून सपाट करणारे वेगळे. त्यांच्या दरवाज्याला अंगठा दाबलास तर पत्रा आत जाऊन परत येतो.

भाची: आणि डोळ्याला दिसत नाही तिथे?

मामा: तिथे हात. तळवा पूर्ण टेकव, बोटांची टोकं नकोत. मध्ये पातळ सुती फडकं घे म्हणजे कातडी अडकत नाही. आता आडवा फिरव, लांब. लागलं काही?

भाची: इथे... बोटभर जागेत हात किंचित खाली जातोय.

मामा: केसाएवढा खोल आहे तो. रंग चढला की रस्त्याच्या दिव्याची रेघ तिथेच तुटेल.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत या कामाला मोठा मान आहे. पत्रा उघडा ठेवून, लांबीचा कणही नाही हे लोकांना दाखवून, मगच प्रायमर मारणारे मिस्त्री जगभर आहेत. मला त्यांच्या हाताबद्दल आदर आहे, दाव्याबद्दल थोडी शंका. रंगाआधी कानस आणि हातोडी घेऊन उभी राहणारी माणसं मोटारींच्या कारखान्यातही असायची. स्पॉट वेल्डच्या खुणा, दाबयंत्रातून आलेले उंचवटे ती बसवायची. पण पट्टा पुढे सरकत असे आणि त्यांच्या वाट्याला एका दरवाजामागे मिनिटं यायची, दिवस नव्हेत. मामा जो दरवाजा घडवताहेत तितका निर्दोष दरवाजा कुर्ल्याहून कधी निघाला असेल, असं मला वाटत नाही. तेव्हा ‘होता तसा’ म्हणण्यापेक्षा ‘व्हायला हवा होता तसा’ म्हणावं, एवढंच.

भाची: खालची कड बघितलीस? बोट लावलं तर पदर सुटतोय.

मामा: सडलीय. दरवाजा नेहमी आतून सडतो. काचेच्या रबरातून पाणी आत जातं, तळाच्या भोकांतून निघून जायला हवं. भोकं मातीने बुजली की पाणी दुमडीत साचतं. चार बोटं पट्टी कापून नवा पत्रा जोडू.

भाची: जोड, पण आतला जो भाग ठेवणार आहेस तो कसा साफ करणार?

मामा: तारेचा ब्रश, डिझेल, मग प्रायमर.

भाची: गाडी मुंबईत किती वर्षं होती?

मामा: जन्मभर. दादरला, समुद्राच्या अंगाला.

भाची: मग डिझेल पुरणार नाही. खाऱ्या हवेतलं क्लोराइड गंजाच्या थराखाली, अगदी पत्र्याला चिकटून बसतं. ब्रशने वरचं निघतं, ते तिथेच राहतं, आणि थोडा ओलावा मिळाला की प्रायमरखाली पुन्हा सुरू होतं. समुद्रातून काढलेल्या तोफा आम्ही महिनोन् महिने अल्कलीच्या पाण्यात ठेवतो ते याचसाठी. दरवाज्याला तेवढं नको. पण खरखरीत कणांच्या माराने खोलवर साफ कर, शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धू, लगेच गरम हवेने वाळव आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मार.

मामा: त्याच दिवशी हे मीही करतो. धुण्याचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. गंजाला पाण्याने धुवायचं म्हणजे आम्हाला पापच.

भाची: जोड कशाने मारणार? मिग वेल्डिंगने?

मामा: मिग नको. पटकन होतं, पण त्याचा टाका कडक असतो, हातोडीला दाद देत नाही. घासून काढावा लागतो आणि शेजारचा पत्रा पातळ होतो. गॅसने कड कडेला भिडवून जोडतो. उष्णता जास्त पसरते, पत्रा ओढला जातो, पण टाका मऊ राहतो. मग तो डॉलीवर ठोकून ताणायचा, आकसलं तेवढं परत मिळतं. टिगनेही जमतं, हात पाहिजे. त्यातूनही जो बारीक खोलगटपणा राहील तो शिशाने भरेन.

भाची: मघाशी लांबी नको म्हणत होतास.

मामा: शिसं आणि लांबी एक का? त्या काळच्या कितीतरी गाड्यांचे सांधे कारखान्यातच शिशाने भरलेले असायचे. जॅग्वारची ई-टाइप उघड, मिळेल. सत्तर भाग शिसं, तीस भाग कथील. 183 अंशांना मऊ पडायला लागतं आणि अडीचशेच्या पुढे गेल्यावरच पूर्ण वितळतं. मधल्या अवस्थेत मेण लावलेल्या लाकडी थापीने हवं तसं बसवायचं. पत्र्याला धातूच लागतो, मध्ये ओलावा शिरायला फट नाही.

भाची: पत्र्याला ते धरतं कसं?

मामा: आधी कल्हई. तीच, भांड्यांची. नवसागर लावून कथलाचा हात फिरवायचा, पत्रा चंदेरी झाला की वर शिसं.

भाची: नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. आत्ता जे धुऊन काढलं तेच तू हाताने परत लावतोयस.

मामा: ...म्हणून सोड्याच्या पाण्याने धुतात. माझे उस्ताद धुवायचे. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

भाची: आणि शिशाला मशीन लावायची नाही. धूळ नाकात जाते. कानशीनेच काढ, कीस कागदावर गोळा कर, हात धुतल्याशिवाय चहाला बसू नकोस.

मामा: चाळीस वर्षं बसलोय.

भाची: म्हणूनच म्हणते.

या टप्प्यावर दोघांत तह झाला असं कुणाला वाटेल. तो झाला नाही, कारण प्रश्न सडक्या कडेचा नव्हताच. सडलेलं कापायचं हे दोघांनाही मान्य आहे. प्रश्न वरच्या अर्ध्याचा आहे, जिथे भाचीने ओल्या वॉटर पेपरने एक छोटा गोल घासून ठेवला आहे. मध्यभागी पत्र्याचा ठिपका, त्याभोवती प्रायमरचं तांबूस कडं, मग फिका निळसर रंग, मग पांढरा, पुन्हा पांढरा आणि सगळ्यांत बाहेर आजचा मरून. निळसर तो कारखान्याचा.

भाची: मरून आणि दोन्ही पांढरे थर उतरवता येतात, हळूहळू. निळा ठेवायचा. झिजलाय, एक पोचा आहे, असू दे. खालची नवी पट्टी त्याला जुळवून रंगव.

मामा: आणि लोक विचारतील, मिस्त्री अर्ध्यावर पळाला का?

भाची: विचारू देत. जुन्या वाहनांची जागतिक संघटना आहे, फिवा. तिने 2012 साली सनद केली. आधी राखा, मग जपा, नवं करणं शेवटी. व्हेनिसची 1964 ची सनद जशी वास्तूंसाठी, तशी ही वाहनांसाठी. तूरिन सनद म्हणतात तिला.

मामा: तूरिन? फियाटच्याच गावात बसून ठरवलं होय त्यांनी!

भाची: शिवाय आपल्याकडे 2021 चा नियम आहे. पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको.

मामा: तो नियम फेरफाराचा आहे, रंगाचा नाही. पोचा काढला म्हणून आरटीओ व्हिंटेजची ‘व्हीए’ पाटी नाकारत नाही.

भाची: बरं, नियम राहू दे. 2024 साली अमेरिकेत पेबल बीचला पहिलं बक्षीस कुणाला मिळालं? 1934 च्या बुगाटीला, टाइप 59. नवी न केलेली, जशी जगली तशी उभी केलेली. अशा गाडीला तिथे पहिल्यांदाच तो मान मिळाला.

मामा: कुणाची होती?

भाची: एके काळी बेल्जियमच्या राजाकडे होती.

मामा: झालं तर. राजाच्या गाडीवर ओरखडा असला की इतिहास, आणि आमच्या फियाटवर असला की गरिबी. या गाडीचा मालक कारकून होता. त्याने दोनदा पांढरा मारून घेतला तो हौसेने, गाडी चांगली दिसावी म्हणून. त्याला विचारलं असतंस तर त्याने तुझा निळा ठेवला असता?

भाची: नसता. पण तो पांढराही तू उतरवणारच आहेस ना? मग त्याची हौस कुठे राहिली?

मामांच्या राजा-कारकून हिशेबात मला दम वाटतो. जतनाची भाषा श्रीमंत वस्तूंवर घडली आहे आणि ती साध्या वस्तूंना लावताना चाचपडते. पण त्यातून निघणारं उत्तर मामांच्या बाजूने जात नाही. मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत फियाट टॅक्सीची वीस वर्षांची मुदत 2023 च्या ऑक्टोबरात संपली. बुगाटीचा एकेक खिळा नोंदलेला आहे. कुर्ल्याच्या फियाटचा कारखान्यातला रंग कसा दिसायचा हे सांगायला मात्र असे दरवाजेच उरलेत. साधी गाडी आहे म्हणून जास्त जपावी लागेल.

भाची: पूर्ण रंगवलीस तर कशाने रंगवशील?

मामा: आता सगळे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, मारतात. वर क्लिअरचा पारदर्शक थर, मग दीड-दोन हजार नंबरचा पेपर, कंपाउंड. खोल दिसतो रंग.

भाची: या गाडीला क्लिअर कधी होता?

मामा: नव्हता. एकथरी रंग. आमच्या वेळी ड्यूको मारायचो, हाताने घासून चमक आणायची. वर्षा-दोन वर्षांत उन्हाने पांढुरका पडायचा, पुन्हा घासायचा.

भाची: मग पीयूची गाडी म्हणजे कधी नव्हतीच अशी गाडी. आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साध्या फडक्याचा मास्क बांधून मारणाऱ्याला दमा लागू शकतो.

मामा: पेंटरला हवेचा मास्क मीच घेऊन दिलाय. ते मला शिकवू नकोस. पण ड्यूको मारला तर गिऱ्हाईक दुसऱ्याच पावसाळ्यात गाडी घेऊन दारात उभं.

भाची: एकथरी पीयू मिळतो. क्लिअर नको, चमक थोडी कमी.

मामा: तो चालेल. बंपरचं काय? त्यावर क्रोम नवं चढवू की तेही झिजलेलंच?

भाची: बंपर नवा कर. क्रोम सोललंय, खालचं लोखंड दिसतंय, ते थांबणार नाही. फक्त नावाची अक्षरं बफवाल्याकडे देऊ नकोस. तांबं, निकेल चढवण्याआधी तो कडा घासून गोल करतो, मग अक्षरं कुणाचीही वाटतात.

मामा: हे पटलं. आता निळा सांग. हा दरवाजा तुझ्या मनासारखा ठेवला, झिजका, पोच्यासकट. समोरच्या बाजूला काय? डावा दरवाजा या गाडीचा नाहीच. कुर्ल्याच्या बाजारातून आणलेला दिसतो, पद्मिनीचा, आतून काळा आहे आणि त्यावर पिवळ्याचा शिंतोडा.

भाची: टॅक्सीचा?

मामा: मग कुणाचा? त्याला मी निळा मारू, का काळा ठेवू? सनदेत बघ काय लिहिलंय.

भाची: बाहेरून निळा मार. आतला काळा राहू दे.

मामा: आतला राहू दे म्हणतेस, पण त्याच्याही तळाची भोकं बुजलीत. कापावा लागणार.

भाची: किती?

मामा: चार बोटं. शिंतोडा पाचव्या बोटावर आहे.